‘क्वालिटी’ लात्वियनमध्ये नेताना: कारागिरीच्या इंग्रजी शब्दांचं भाषांतर, पायरी पायरीने

कोल्हापुरी चपलांच्या खोक्यावर इंग्रजी मजकूर बहुधा एकाच साच्यातला असतो: ‘हँडक्राफ्टेड विथ पॅशन बाय स्किल्ड आर्टिझन्स. प्रीमियम क्वालिटी. अटेन्शन टू डीटेल. टाइमलेस क्राफ्ट्समनशिप.’ हाच खोका लात्वियाच्या राजधानीत, रीगाच्या दुकानात जाणार असेल, तर मजकूर लात्वियनमध्ये करावा लागतो. तो हौसेचा मामला नाही. १९९९ साली संमत झालेल्या राज्यभाषा कायद्यानुसार, लात्वियात विकायला येणाऱ्या मालाच्या लेबलवर आणि सूचनापत्रकावर परभाषेत काही लिहिलं असेल, तर त्याचं लात्वियन भाषांतर सोबत द्यावंच लागतं.

शब्दकोश उघडून एकेका इंग्रजी शब्दासमोर एकेक लात्वियन शब्द ठेवला, तर वाक्य तयार होतं, पण ते वाचून रीगातल्या माणसाला काहीच कळत नाही. चप्पल शिवली की चिकटवली, कातडं कशात कमावलं, हे त्याला हवं असतं. इंग्रजी जाहिरात वस्तूची स्तुती करते. चांगला लात्वियन मजकूर कामाचं नाव सांगतो. म्हणून विशेषण क्षणभर बाजूला ठेवायचं आणि आधी विचारायचं: कोणी, कशापासून, काय केलं? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नातून निघतात.

हा लेख मराठी माणसांसाठी आहे: रीगात शिकणारे, तिकडे माल पाठवणारे, किंवा माझ्यासारखे इंग्रजी-लात्वियन भाषांतराची कामं घेणारे. मराठी येत असल्याचा या कामात खरा फायदा होतो, तो जागोजागी दाखवतो.

पायरी पहिली: कान तयार करा

लात्वियन लिहितात रोमन लिपीत, पण देवनागरी तिला इंग्रजीपेक्षा जास्त सोयीची आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तिथे अर्थ बदलतो. रोमन अक्षरावर आडवी रेघ आली की स्वर दीर्घ. आपल्याकडे त्यासाठी अ-आ, इ-ई, उ-ऊ तयार आहेत. दुसरी गोष्ट त्याहून मजेची. चमचा आणि चहा यांतले दोन वेगळे ‘च’ आपण लिहिताना वेगळे करत नाही, बोलताना मात्र चुकत नाही. लात्वियनमध्ये हे दोन्ही आहेत आणि त्यांना अक्षरंही वेगळी आहेत. या लेखातल्या लात्वियन शब्दांत जिथे ‘च’ दिसेल, तो चमच्यातला वाचा. शेवटचा ऱ्हस्व ‘अ’ देवनागरीत वाचताना गळून पडतो, म्हणून मी तिथे काना दिला आहे. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर द्या, अपवाद मोजके.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. रोमन ‘ओ’ हा अस्सल लात्वियन शब्दात ‘उओ’ असा उच्चारतात: हात म्हणजे रुओका, लाकूड म्हणजे कुओक्स. अलीकडच्या परक्या शब्दांत तोच साधा ‘ओ’ राहतो. शब्द मोठ्याने वाचला की तो घरचा की पाहुणा हे पुष्कळदा कानालाच कळतं.

पायरी दुसरी: ‘क्राफ्ट्समनशिप’ फोडून तीन करा

या शब्दाला लात्वियनमध्ये एक प्रतिशब्द शोधत बसू नका. इंग्रजीत तो तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो.

एक, कारागिरीचं क्षेत्र, म्हणजे कुंभार-सुतार-विणकरांचा सगळा व्यवसाय. त्याला अमत्निएचीबा म्हणतात. कारागीर पुरुष अमत्निएक्स, स्त्री अमत्निएचे. मुळात आहे अमत्स, म्हणजे धंदा, पेशा. सावध राहा: अमत्स म्हणजे ‘पद’सुद्धा. मंत्र्याचं पद तेही अमत्सच.

दोन, अंगातलं कौशल्य. इथे मेइस्तरीबा, म्हणजे प्रभुत्व. किंवा प्रस्मे, म्हणजे जमणं, येणं.

तीन, वस्तूवर डोळ्यांना दिसणारं काम. ‘लुक ॲट द क्राफ्ट्समनशिप’ असं कोणी टाक्यांकडे बोट दाखवून म्हणतो ते. यासाठी बहुतेक वेळा साधा दर्ब्स पुरतो, म्हणजे काम. आपणही ‘काय काम केलंय!’ म्हणतो, ‘काय कारागिरी आहे’ क्वचित.

इंग्रजी वाक्य समोर आलं की शेजारी समासात एक, दोन किंवा तीन असा आकडा टाका. मी अजूनही टाकतो. ‘सेलिब्रेटिंग लात्वियन क्राफ्ट्समनशिप’ हे बहुधा एक. ‘हर क्राफ्ट्समनशिप इज लेजेंडरी’ हे दोन. ‘सुपीरिअर क्राफ्ट्समनशिप’ खुर्चीबद्दल लिहिलं असेल तर तीन. तिन्ही ठिकाणी अमत्निएचीबा टाकलं, की खुर्चीच्या अंगात अख्खं व्यवसायक्षेत्र कोंबल्यासारखं होतं.

या शब्दांचा इतिहास थोडा माहीत असेल तर निवड सोपी जाते. रीगा शहर १२०१ साली वसलं, आणि पुढे कित्येक शतकं तिथल्या व्यापारी आणि कारागीर संघांवर जर्मन भाषकांचा वरचष्मा राहिला. व्यापाऱ्यांचा मोठा गिल्ड आणि कारागिरांचा छोटा गिल्ड, दोघांच्या इमारती जुन्या शहरात आजही समोरासमोर म्हणाव्यात इतक्या जवळ उभ्या आहेत. त्यामुळे शहरी कारागिरीचे शब्द जर्मनकडून आले: अमत्स, मेइस्तर्स म्हणजे उस्ताद, झेल्लिस म्हणजे शिकाऊपण संपलेला पण अजून उस्ताद न झालेला कारागीर, हातोडीला आमुर्स, स्क्रूला स्क्रूवे. खेड्यातल्या हातांचे शब्द मात्र घरचेच राहिले: विणणं, कोरणं, वळणं, कातणं यांची क्रियापदं अस्सल लात्वियन. शहरी हुद्दे परके आणि हातांच्या हालचाली घरच्या, ही विभागणी लक्षात ठेवली की पुढची पायरी आपोआप सुचते.

जाता जाता: आपला मिस्त्री पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला आणि त्यांचा मेइस्तर्स जर्मनवरून, पण दोघांचं मूळ लॅटिन ‘मॅगिस्तेर’. नातं अर्थातही टिकलंय. रीगात नळ गळायला लागला तर मेइस्तर्सलाच बोलावतात.

म्हणूनच ‘मास्टर क्राफ्ट्समन’ भाषांतरित करताना जपून. अमता मेइस्तर्स ही लात्वियात औपचारिक पात्रता आहे. १९९३ च्या कारागिरीविषयक कायद्यात माचेक्लिस म्हणजे शिकाऊ, मग झेल्लिस, मग अमता मेइस्तर्स अशा पायऱ्या आहेत, आणि कारागिरी मंडळाकडून परीक्षा होऊन ती पदवी मिळते. तुमच्या इंग्रजी मजकुरातला ‘मास्टर’ नुसता गौरवाचा असेल, तर पिएरेद्झेयिस अमत्निएक्स, म्हणजे अनुभवी कारागीर, एवढंच लिहा. नाहीतर जे प्रमाणपत्र नाही ते तुम्ही लेबलवर छापलेलं असेल.

पायरी तिसरी: ‘हँडमेड’च्या जागी हाताने काय केलं ते लिहा

‘हँडमेड’ला सरळ शब्द आहे: रुओकु दर्ब्स, शब्दशः ‘हातांचं काम’. दोन शब्द, मधे जागा. आता ती जागा काढून टाका आणि अनेकवचन करा: रुओक्दर्बि. याचा अर्थ झाला भरतकाम, विणकाम, क्रोशा, म्हणजे सुई-दोऱ्याची कामं. सुरुवातीला लाकडी चमच्यांच्या एका यादीवर मी मथळा म्हणून रुओक्दर्बि लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी तांबड्या पेनने वर्तुळ करून शेजारी चमचा आणि सुई अशी दोन चित्रं काढली आणि मधे प्रश्नचिन्ह. एका जागेने अर्थ किती सरकतो हे मला त्या दोन चित्रांनी कायमचं शिकवलं.

रुओकु दर्ब्स चालतं, पण ते शिक्क्यासारखं आहे. चार ओळींचा मजकूर असेल तर क्रियापदाकडे जा. इंग्रजीत ‘क्राफ्टेड’ एकच. लात्वियनला हातांची प्रत्येक हालचाल वेगळी दिसते:

औस्त्स म्हणजे मागावर विणलेला. अदीत्स म्हणजे दोन किंवा पाच सुयांवर विणलेला, मोजे-स्वेटरसारखा. इझ्शूत्स म्हणजे भरतकाम केलेला. पीत्स म्हणजे टोपलीसारखा वळलेला. कल्त्स म्हणजे ऐरणीवर ठोकून घडवलेला. ग्रेब्त्स म्हणजे आतून पोखरून कोरलेला, लाकडी चमच्याच्या खोलगट भागासारखा. विर्पुओत्स म्हणजे चाकावर किंवा लेथवर फिरवून आकार दिलेला. औस्त्स आणि अदीत्स या दोन्हींना मराठीत आपण ‘विणलेलं’ म्हणतो. तिथे मात्र गल्लत करून चालत नाही. पैठणी औस्ता, आजीचा स्वेटर अदीत्स.

यांपैकी एकही बसत नसेल, जसं चपलेत कापणं, ठोकणं, शिवणं सगळंच येतं, तेव्हा दरिनात्स वापरा. घडवलेलं, निगुतीने बनवलेलं, असा त्याचा सूर आहे. दागिने, पोशाख, वाद्यं यांना शोभतो. याच्या शेजारी आणखी दोन शब्द उभे असतात. इझ्गतवुओत्स म्हणजे तयार केलेला. यंत्राने की हाताने याबद्दल तो काही बोलत नाही. रझ्युओत्स म्हणजे उत्पादित. ‘मेड इन लात्विया’ छापायचं तर ‘रझ्युओत्स लत्विया’ हेच हवं, पण त्यातून डोळ्यांपुढे कारखाना येतो. हाताने घडवलेल्या चांदीच्या ब्रोचला रझ्युओत्स म्हणणं म्हणजे मोदकांना ‘उत्पादित’ म्हणणं.

खाण्यापिण्याचा माल असेल तर शब्द परत बदलतात. बिअर गाळणाऱ्याला लात्वियनमध्ये शब्दशः ‘बिअर करणारा’ म्हणतात, अलुस दरीतायस. ‘आर्टिझनल ब्रुअरी’साठी लहान अलुस दरीतवा लिहिलं की काम झालं. ‘आर्टिझनल’ची झालर लागतच नाही.

क्रियापद नेमकं निवडलं की स्तुतीची गरज किती कमी होते, याचं उदाहरण लात्वियाने स्वतःच दिलंय. २००६ साली रीगात नाटोची शिखर परिषद भरली तेव्हा पाहुण्यांना हाताने विणलेल्या हातमोज्यांचे सुमारे ४,५०० जोड भेट दिले गेले. त्या भेटीचं वर्णन करायला ‘अर रुओकाम अदीति चिम्दि’, हातांनी विणलेले हातमोजे, यापलीकडे काही लागत नाही. लात्वियन माणसाला त्या चार शब्दांत पूर्स आठवतो: मुलगी लहानपणापासून विणून पेटीत साठवायची आणि लग्नात सासरच्या माणसांना वाटायची ते मोजे, हातमोजे, पट्टे. आपल्या रुखवताशी याची जात फार जवळची आहे. ‘एक्सक्विझिटली हँडक्राफ्टेड’मध्ये ही पेटी उघडत नाही.

पायरी चौथी: ‘क्वालिटी’चे दोन अर्थ वेगळे काढा

मराठीत दर्जा वेगळा आणि गुणधर्म वेगळा. इंग्रजीत दोन्ही ‘क्वालिटी’. लात्वियन इथे मराठीच्या बाजूने आहे. ‘द क्वालिटी ऑफ लिनन’ म्हणजे लिनन कापडाचा दर्जा असेल तर क्वलिताते. ‘द क्वालिटीज ऑफ लिनन’ म्हणजे ते घाम शोषतं, उन्हाळ्यात गार वाटतं, हे गुणधर्म असतील तर ईपशीबस. इंग्रजी वाचताना मनातल्या मनात मराठी करून पाहा. दर्जा आला तर क्वलिताते, गुण किंवा गुणधर्म आला तर ईपशीबा. ही चाचणी मला अजून एकदाही फसवून गेलेली नाही.

आता ‘क्वालिटी शूज’, ‘क्वालिटी फर्निचर’ यांतली विशेषणासारखी ‘क्वालिटी’. यासाठी लोक क्वलिततीव्स हा शब्द सर्रास वापरतात. शब्दकोशात तो आहे, चुकीचा नाही. पण संशोधनातल्या ‘गुणात्मक’साठीही तोच शब्द, आणि जाहिरातींनी तो इतका झिजवलाय की वाचणाऱ्याची नजर त्याच्यावरून घसरते. त्याऐवजी षष्ठी वापरा: औग्स्तस क्वलितातेस विल्ना, ‘उच्च दर्जाची लोकर’. षष्ठीतला भाग नामाच्या आधी येतो, अगदी मराठीसारखा. इंग्रजी भाषकाला हा क्रम शिकावा लागतो, आपल्याला तो उपजत आहे. आणि बऱ्याच ठिकाणी नुसता लब्स, म्हणजे चांगला, हाच सर्वांत भारदस्त शब्द असतो. चांगला चाकू, चांगली लोकर.

‘प्रीमियम’साठी एक जुना, घरगुती पर्याय आहे आणि तो मला फार आवडतो: औग्स्ताका लबुमा. पिठाच्या पिशवीवर तो आजही दिसतो. ‘चांगला’ या विशेषणापासून ‘चांगलेपण, प्रत’ असं नाम झालं, आणि त्याची षष्ठी. आपल्या ‘पहिल्या प्रतीच्या’ तांदळाचा जुळा भाऊच. मात्र तो प्रतवारी असलेल्या मालालाच लागतो: पीठ, लाकूड, धान्य. घड्याळाला लावू नका.

दर्जाच्या आसपासचे काही शब्द भराभर सांगतो. ‘ड्युरेबल’ म्हणजे इझ्तुरीग्स, टिकणारा, झीज सोसणारा. पण रंग पक्का असेल तर नुओतुरीग्स. ‘सॉलिड’ म्हणजे भक्कम या अर्थी पमतीग्स, पमत्स म्हणजे पाया यावरून आलेला. ‘फाइन’ धाग्याबद्दल असेल तर स्मल्क्स, म्हणजे बारीक, नाजूक. अभिरुचीबद्दल असेल तर इझ्स्मल्चिनात्स. ‘फिनिश’ म्हणजे अप्दरे, लाकडाची घोटाई असो वा भिंतीचा गिलावा. ‘मेड टु ऑर्डर’ला पेच पसूतीयुमा. ‘जेन्युइन लेदर’ला चपलांच्या दुकानात दबीगा आदा असं छापतात, तेच ठेवा.

पायरी पाचवी: स्तुतीची धार तपासा

‘एक्सलंट’ आणि ‘आउटस्टँडिंग’ आपण इंग्रजीत खिरापतीसारखे वाटतो. लात्वियन शाळेत दहापैकी गुण देतात आणि प्रत्येक गुणाला नाव आहे. दहाला इझ्चिलि, नवाला तेइचमि, आठाला ल्युओति लबि म्हणजे खूप चांगलं, सातला लबि. तिथे शिकलेल्या वाचकाने ही नावं वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकात पाहिलेली असतात. इझ्चिल्स म्हटलं की त्याच्या कानात दहापैकी दहा वाजतात. चपलेला दहापैकी दहा द्यायचे असतील तर जरूर द्या, पण प्रत्येक चपलेला दिलेत तर वाचक तुमची बाकी माहितीही तोलूनच घेईल. मी ठरवून ठेवलंय: एका लेबलवर असा शब्द एकदाच, तोही कारणासकट.

‘पॅशन’चा शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द बहुधा कैस्लीबा मिळेल. तो विकाराचा, आवेगाचा शब्द आहे, प्रेमकथेत ठीक. कुंभाराच्या कामातल्या ओढीसाठी ऐझ्रौतीबा, म्हणजे एखाद्या गोष्टीत वाहून जाणं, रमणं.

‘अटेन्शन टू डीटेल’ शब्दाला शब्द लावून केलं तर समजतं, पण भाषांतराचा वास येतो. लात्वियनची स्वतःची वाट क्रियाविशेषणातून जाते: रूपीगि, म्हणजे काळजीपूर्वक, निगुतीने. त्याच्या मुळाशी रूपेस आहे, म्हणजे काळजी, विवंचना. आणखी जोर हवा असेल तर लीद्झ पेदेयम सीकुमम, ‘शेवटच्या बारीकसारीक गोष्टीपर्यंत’. पण खरं सांगायचं तर इथेही बारकावा कुठे आहे तेच लिहावं. टाके एका इंचात किती, कड दुमडली आहे का, आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच स्वच्छ आहे का.

‘स्किल्ड आर्टिझन्स’साठी प्रस्मीगि अमत्निएकि बिनचूक आहे, पण बोलताना लोक क्रियापदाने सांगतात: विन्या प्रुओत औस्त, ‘तिला विणता येतं’. प्रुओत या एका क्रियापदात शिकलेपण, सवय, कसब सगळं येतं, आपल्या ‘येतं’सारखं. फार कौतुक करायचं तर म्हणतात, त्याला झेल्ता रुओकस आहेत, सोन्याचे हात. माणसाबद्दल लिहिताना हा वाक्प्रचार चपखल बसतो; कंपनीबद्दल लिहिताना वापरू नका, कंपनीला हात नसतात. याच घरातली एक म्हणही कानावर येत राहते: दर्ब्स दरा दरीतायु. ‘काम करणाऱ्याला घडवतं’. तीन शब्दांत तिन्ही वेळा तेच मूळ, म्हणून ती इंग्रजीतून येऊच शकत नाही. तुमच्या इंग्रजी मजकुरात ‘मास्टरी बॉर्न ऑफ डिकेड्स ऑफ प्रॅक्टिस’ असलं काही असेल, तर तिथे ही म्हण ठेवून पाहा.

‘टाइमलेस’ शक्यतो गाळा. कधीपासून अशी वस्तू करतात ते माहीत असेल तर तेच लिहा.

पायरी सहावी: शेपट्या जुळवा

मराठी येणाऱ्याला ही पायरी सोपी, पण कामाच्या गडबडीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. लात्वियनमध्ये पुल्लिंग-स्त्रीलिंग दोनच, पण विशेषण आणि धातुसाधित नामाच्या लिंग, वचन, विभक्तीप्रमाणे बदलतं. हातमोजे अदीति, चादर औस्ता, सॅंडल दरिनातस. ‘विणलेला, विणलेली, विणलेले’ आपण न विचार करता म्हणतो, तसंच.

अडचण येते ती तक्त्यांमुळे. गिऱ्हाईक एक्सेलची फाइल पाठवतं: एका रकान्यात ‘हँडमेड’, दुसऱ्यात वस्तूचं नाव, आणि संगणक दोन्ही जोडून दुकानाच्या पानावर दाखवणार. ‘हँडमेड’ची शेपटी काय ठेवायची? वस्तू कुठलीही येऊ शकते. अशा वेळी नाम वापरा. रुओकु दर्ब्स हे नाम आहे. ते चमच्याशेजारी, चादरीशेजारी, हातमोज्यांशेजारी जसंच्या तसं उभं राहतं. तसंच ‘प्रीमियम’च्या रकान्यात औग्स्ता क्वलिताते. या एका युक्तीने शेकडो ओळींच्या फायली मी सुरळीत पार पाडल्या आहेत.

साहित्य सांगताना इंग्रजी विशेषण वापरतं: वुडन, वुलन, सिल्व्हर. लात्वियन षष्ठी वापरते: कुओका करुओते म्हणजे लाकडाचा चमचा, विल्नस चिम्दि म्हणजे लोकरीचे हातमोजे, माला क्रूझे म्हणजे मातीचा पेला, लिनु द्विएलिस म्हणजे लिननचा टॉवेल. ‘लाकडी’ विसरा, ‘लाकडाचा’ म्हणा, की लात्वियन रूप हाताशी येतं.

विशेषणाची निश्चित आणि अनिश्चित अशी दोन रूपं असतात. लब्स मेइस्तर्स म्हणजे कोणी एक चांगला उस्ताद, लबैस मेइस्तर्स म्हणजे तो आपल्याला ठाऊक असलेला. ठरलेल्या संज्ञांमध्ये निश्चित रूप येतं, म्हणूनच वर औग्स्ताका आणि दबीगा आले.

गावांची नावंही शेपटी घेतात. मुंबई होते मुम्बया, जयपूर होतं द्झ्यैपुरा, आणि त्याच वळणाने कोल्हापूर होतं कोल्हापुरा. ‘कोल्हापूरहून’ म्हणायचं तर नुओ कोल्हापुरस.

पायरी सातवी: शब्द कुठे तपासायचा

तेझाउर्स हा लात्विया विद्यापीठाच्या गणित आणि संगणकशास्त्र संस्थेने चालवलेला मोठा ऑनलाइन शब्दकोश. रूपं चालवून दाखवतो, म्हणून सर्वांत आधी तो. अर्थच्छटा आणि वापराच्या उदाहरणांसाठी १९७२ ते १९९६ दरम्यान आठ खंडांत आलेला लात्वियन साहित्यभाषेचा कोश. तांत्रिक संज्ञांसाठी विज्ञान अकादमीच्या परिभाषा आयोगाचे शब्द पाहा. यंत्र-भाषांतरासाठी सरकारी ह्युगो आहे. मी त्याचा उपयोग पहिला मसुदा म्हणून करतो, आणि विशेषणाच्या शेपट्या एकूणएक स्वतः तपासतो.

पण कारागिरीच्या शब्दांसाठी याहून मोलाची जागा म्हणजे कारागिरांचं स्वतःचं बोलणं. रीगाच्या कडेला युग्ला तलावाकाठी वांशिक खुलं संग्रहालय आहे, १९२४ साली स्थापलेलं. तिथे १९७१ पासून जूनच्या सुरुवातीला कारागिरांची जत्रा भरते. पाट्या वाचत फिरा. पाटीवर बहुधा वस्तूचं नाव, कशाची आहे ते, आणि गाव. एखादी टोपली हातात घेऊन ‘ही कशी केली?’ एवढंच विचारलंत की कुठल्या झाडाची फांदी, कधी तोडायची, साल सोलायची की नाही, अशी क्रियापदांची सर लागते. ती वहीत उतरवून घ्या. ती तुमची खरी शब्दसूची. जाणं शक्य नसेल तर कारागीर स्वतः आपल्या मालाबद्दल लात्वियनमध्ये लिहितात ती पानं वाचा. इंग्रजीतून उलथवलेली दुकानांची पानं टाळा.

पायरी आठवी: आता लेबल लिहा

सुरुवातीच्या खोक्याकडे परत येऊ. कोणी, कशापासून, काय केलं? कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. तळ, टाच आणि वरचे पट्टे कातड्याच्या वादीने शिवतात. अस्सल जोडात खिळा नसतो. इंग्रजी मजकुरात यातलं एक अक्षर नव्हतं. ते कारखानदाराला किंवा कारागिराला विचारून खात्री करून घ्यावं लागतं, कारण प्रत्येक जोड असा असेलच असं नाही. खात्री झाली की लेबल असं होतं:

आदस सन्दलेस नुओ कोल्हापुरस. दरिनातस अर रुओकाम. आदा मिएचेता अर औगु विएलाम, झुओले शूता अर आदस स्लुओक्स्नेम, बेझ नेविएनस नग्लस.

मराठीत: कोल्हापूरच्या कातडी सॅंडल. हातांनी घडवलेल्या. कातडं वनस्पतींनी कमावलेलं, तळ कातड्याच्या पट्ट्यांनी शिवलेला, एकही खिळा नाही.

इंग्रजीतली ‘प्रीमियम’, ‘पॅशन’, ‘टाइमलेस’ यांतलं काहीच इथे नाही. गिऱ्हाईक कुरकुर करेल, त्याला इंग्रजी आणि लात्वियन ओळ एकेक करून समजावून सांगा. ‘एकही खिळा नाही’पाशी आला की बहुतेक जण शांत होतात. तरीही स्तुतीचा एक शब्द हवाच असेल, तर दुसऱ्या वाक्यात रूपीगि घाला आणि थांबा.

छपाईला देण्याआधी शेवटचं काम. छापखान्यातला फॉन्ट लात्वियन खुणा दाखवतो का, हे प्रत्यक्ष कागदावर पाहा; पडद्यावर पाहून भागत नाही. विशेषतः दीर्घ स्वरावरची रेघ. लग्नातल्या हातमोज्यांना काझु चिम्दि म्हणतात. रेघ गळली की ते कझु चिम्दि होतात, आणि तो अर्थ होतो ‘शेळ्यांचे हातमोजे’.